जीवाची पडशी

मागे एका एकादशीस कीर्तन आटोपून आम्ही टेकलो होतो. एक वारकरी जवळ येऊन बसले. म्हणाले, "बुवा, आई गेली. वारी कधी चुकली नाही तिची. पण शेवटचे चार दिवस शुद्धच नव्हती. तोंडी नाव आलं नाही. मग तिचं सगळं फुकट गेलं का?"

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, बोलून दाखवीत नाहीत इतकेच. म्हणून त्यांना जे सांगितले तेच येथे मांडतो.

प्रथम हे पाहावे की, मरणानंतर जाते कोण? स्थूल देह पंचभूतांचा, तो येथेच राहतो. आत्मा सर्वव्यापक, त्याला जाणेही नाही आणि येणेही नाही. मग येरझार घडते ती लिंगदेहाची. यालाच सूक्ष्मदेह म्हणतात. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशी याची सतरा तत्त्वे वेदान्तात मोजतात. येथे डोळा म्हणजे बुबुळ नव्हे, पाहण्याची शक्ती. हात म्हणजे हाडामांसाचा हात नव्हे, धरण्याची शक्ती.

वारा फुलांवरून जाताना जसा गंध नेतो, तसा जीव मनासह इंद्रिये घेऊन दुसऱ्या देहात जातो, असे गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. घरचाच दाखला घ्या. हिंग संपले तरी डबीचा वास जात नाही. तशी देहाने केलेली कर्मे संपतात, पण त्यांचा वास मनात राहतो. तीच वासना. तीच पुढचा जन्म घडविते.

आता अंतकाळाचे. शेवटी जे स्मरण तशी गती, हे आठव्या अध्यायातले वचन खरेच. पण त्याच ठिकाणी भगवंत म्हणतात की, जीव ज्या भावाने सदा भरलेला असतो, तोच भाव अंती येतो. म्हणून सर्वकाळ माझे स्मरण कर. म्हणजे शेवटचा विचार काही आभाळातून पडत नाही. तो जन्मभराच्या सवयीचा असतो.

भागवताच्या पाचव्या स्कंधात भरतराजाची कथा आहे. राज्य सोडून तो गंडकीतीरी तपाला बसला आणि तेथे एका पाडसाच्या मायेत गुंतला. अंती तेच मनात राहिले, म्हणून हरीण झाला. एवढेच सांगून पुष्कळ जण थांबतात. पुढचे ऐका. हरणाच्या जन्मातही त्याला पूर्वीची आठवण राहिली, आणि त्यानंतर तो जडभरत होऊन तरला. आधीचे भजन कोठे गेले? कोठेच गेले नाही. वाटेत राहिलेल्या साधकाचे काय होते, असे अर्जुनाने विचारले तेव्हाही देवांनी हेच सांगितले, की कल्याण करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. मागच्या जन्मीचा बुद्धीचा ठेवा त्याला पुढे मिळतो.

आम्ही त्या गृहस्थांस विचारले, "मुक्कामी वारकरी गाढ झोपला, तर त्याच्या पडशीतला बुक्का नाहीसा होतो का हो?" ते म्हणाले, "नाही." मग शुद्ध हरपली म्हणून आईने जन्मभर भरलेली पडशी रिकामी कशी होईल? जीभ थांबली असेल. नामाचा संस्कार जिभेवर नसतो, मनात असतो. त्यांचे डोळे भरून आले.

पण हे ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. पडशी एका दिवसात भरत नाही. ज्ञान होऊन वासना जळाली की लिंगदेह सुटतो, येरझार संपते. आमच्या तुकोबारायांना तर पुन्हा जन्माचेही भय नव्हते. नाम आणि संतांची संगती असली तर गर्भवासही त्यांनी मागून घेतला. भय आहे ते रिकाम्या पडशीचे.

तेव्हा आज रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी एवढेच पाहावे : दिवसभरात आपण पडशीत काय टाकले? द्वेष टाकला, हेवा टाकला, की नाम टाकले? उद्या बरोबर जायचे ते तेच.

रामकृष्णहरि.