पाटा बसला की तुटला?

नववीतला एक विद्यार्थी परवा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांचा एक जुना पिकअप आहे. कांद्याच्या दिवसांत लासलगावच्या बाजार समितीपर्यंत फेऱ्या आणि एरवी मिळेल ते भाडे, यावर त्यांचे घर चालते. महिनाभरापासून गाडी मागून उजवीकडे कलू लागली होती.

"सर, ड्रायव्हरकाका म्हणतात पाटा बसलाय, एक जादा पाटा टाकू. शेजारचे म्हणतात टायरात हवा कमी असेल. वडील म्हणतात, पैसे घालायचे तर आधी खात्री करा. खात्री कशी करायची?"

त्याला मी एक मोजपट्टी घ्यायला सांगितली. पण मोजायचे काय आणि कशासाठी, हे कळायला आधी पाट्यांची रचना समजून घेतली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या उभ्या ट्रकच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाहा. चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलवर पोलादी पट्ट्यांची एक चळत दिसेल. सर्वांत वरची पट्टी सर्वांत लांब, खालच्या क्रमाने आखूड. हेच पाटे. सगळी चळत मधोमध एका सेंटर बोल्टने ओवलेली असते आणि दोन यू-बोल्टनी अ‍ॅक्सलशी आवळलेली असते. वरच्या, म्हणजे मुख्य पाट्याची दोन्ही टोके नळीसारखी वळवलेली असतात. पुढचे टोक चासीला पिनेने जोडतात. मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडतात. कारण ओझ्याने कमान सपाट झाली की पाटा लांबतो, त्याला सरकायला जागा हवी.

मग इतक्या पट्ट्या कशाला? एकच जाड पट्टी का नको? याचे उत्तर घरी प्रयोग करून मिळते. पुठ्ठ्याच्या ३० सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद अशा आठ सारख्या पट्ट्या कापा. चार पट्ट्या एकमेकींवर सुट्या ठेवून मध्ये फक्त दोरा बांधा. उरलेल्या चार डिंकाने पूर्ण चिकटवून वजनाखाली वाळवा. दोन्ही जुड्या दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर आडव्या टेकवून मध्ये सारखेच वजन टांगा. पुठ्ठा तेवढाच, पण चिकटवलेली जुडी जेमतेम वाकेल आणि सुटी चांगली खाली येईल.

पट्टी वाकते तेव्हा तिचा एक पृष्ठभाग ताणला जातो, दुसरा दाबला जातो. सुट्या पट्ट्या एकमेकींवरून सरकतात. वही वाकवली की पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात ना, तसेच. चिकटवलेल्यांना सरकता येत नाही. गणित असे, की पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटर जाडीचे सहा पाटे सुटे असतील तर एकाच्या सहापट ताठरपणा मिळतो. तेच एकसंध ४८ मिलिमीटरची पट्टी केली तर ६ × ६ × ६, म्हणजे २१६ पट! (सगळे सारख्या लांबीचे आहेत असे येथे धरले आहे.) ज्या ओझ्याने सुटी चळत ७२ मिलिमीटर दबेल, त्याने ही जाड पट्टी केवळ २ मिलिमीटर दबेल. अशा गाडीतून टोमॅटो नेले तर बाजारात रसच पोचायचा.

आता मूळ प्रश्न. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम सांगतो, की मर्यादेच्या आत स्प्रिंगचे दबणे ओझ्याच्या प्रमाणात असते. ही मर्यादा पुन्हा पुन्हा ओलांडली गेली, म्हणजे गाडी वर्षानुवर्षे जादा माल भरून खड्ड्यांतून हाकली, की पोलादाचा आकार कायमचा थोडा बदलतो; कमान उतरते. यालाच गॅरेजमध्ये 'पाटा बसला' म्हणतात. पुष्कळांना वाटते, की बसलेला पाटा 'मऊ' पडतो. तसे नाही! पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो आणि कमान उतरल्याने तो काही बदलत नाही. तितक्याच ओझ्याने बसलेला पाटा तितकाच दबतो; फक्त त्याची सुरुवात खालून होते. पाटा तुटला असेल तर मात्र ओझे वाहणारी एक पट्टी कमी होते, ताठरपणा घटतो आणि दबणे वाढते.

म्हणून एकदा मोजून भागत नाही. रिकाम्या गाडीत एकदा आणि भरलेल्या गाडीत एकदा, असे दोनदा मोजायचे.

कोठून मोजायचे हेही महत्त्वाचे. जमिनीपासून मोजले तर टायरची हवा त्यात मिसळते. अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूपासून नेमक्या वर असलेल्या चासीपर्यंत मोजले की टायरचा प्रश्नच उरत नाही. विद्यार्थ्याने सपाट अंगणात गाडी रिकामी उभी करून मोजले: डावीकडे १७ सेंटिमीटर, उजवीकडे १५.५. शेजाऱ्यांचा तर्क येथेच बाद झाला. मग सिमेंटच्या दहा गोण्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, दोन्ही बाजूंना सारख्या रचल्या. गोणी ५० किलोची असल्याचे तिच्यावरच छापलेले असते, त्यामुळे वजनकाटा लागत नाही. गाडी थोडी पुढे-मागे करून घेतली, कारण पाट्यांमधल्या घर्षणामुळे ते लगेच पुरते दबत नाहीत. आता डावीकडे ११ आणि उजवीकडे ८.२.

डावी बाजू ६ सेंटिमीटर दबली, उजवी ७.३. सहा पाट्यांपैकी एक निकामी असेल तर उरलेल्या पाचांना सहांचे काम पडते. दबणे ६ × ६/५, म्हणजे ७.२ व्हायला हवे. आकडे इतके जुळतील असे मलाही वाटले नव्हते. उजव्या बाजूचा एक पाटा तुटलेला असणार, असे त्याने घरी सांगितले. बाहेरून तर काहीच दिसत नव्हते.

मिस्त्रींनी चळत उघडली तेव्हा वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी दुभंगलेला निघाला. त्याचा एक तुकडा आता आमच्या प्रयोगशाळेत आहे. तुटलेल्या तोंडावर दोन रंग आहेत. भोकालगतचा भाग गुळगुळीत, गंजाने काळपट आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा. उरलेला भाग खडबडीत आणि दाणेदार. म्हणजे पाटा एका दिवसात तुटला नाही. बारीक तडा प्रत्येक हिसक्याला किंचित पुढे सरकत गेला. एका टप्प्याला उरलेले पोलाद अपुरे पडले आणि शेवटचा भाग एकदम तुटला. याला धातूचा थकवा म्हणतात. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर याचाच पद्धतशीर अभ्यास केला होता.

तडा भोकापाशीच का? भोकाच्या कडेला ताण एकवटतो. एरवी यू-बोल्ट हा भाग घट्ट धरून ठेवतात, तेथे वाकणे जवळजवळ होतच नाही. या गाडीचे यू-बोल्ट ढिले होते.

जादा पाटा टाकला असता तर गाडी सरळ दिसली असती, पण तुटका पाटा आत तसाच राहिला असता. मुख्य पाटा तर केवळ ओझे वाहत नाही. अ‍ॅक्सलला जागेवर धरतो आणि चाकांचा रेटा चासीपर्यंत पोचवतो. तो तुटला तर एका बाजूचे चाक मागे सरकते आणि गाडी आपोआप वळते. भरल्या गाडीने उतारावर ब्रेक लावताना असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको. पाटा भट्टीत तापवून पुन्हा कमान देण्याची युक्तीही फसवी आहे. पाट्याचे पोलाद लाल तापवून तेलात विझवलेले आणि पुन्हा बेताने तापवलेले असते. नुसते तापवून ठोकले की तो संस्कार जातो आणि पाटा लवकरच पुन्हा बसतो. वेल्डिंग तर कधीच करू नये.

बदलण्याचे काम मिस्त्रींचे. तुम्ही लांबून पाहा. आदल्या रात्री त्यांनी गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडले. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, चासी उचलून भक्कम घोड्यांवर टेकवली आणि अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक दिला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, मिस्त्रींनीसुद्धा. पाटे दोन्ही बाजूंचे बदलले. एकच बाजू नवी केली असती तर गाडी आता डावीकडे कलली असती. सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसले की नाही, हे बोट फिरवून तपासले. यू-बोल्ट नवे घातले. आवळलेला बोल्ट हीसुद्धा एक ताणलेली स्प्रिंगच असते. एकदा जास्त ताणलेला जुना बोल्ट पुन्हा तसा धरेलच असे नाही. चारही नट आळीपाळीने, कोपऱ्यासमोरचा कोपरा असे आवळले. रबरी बुशांच्या पिना मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच घट्ट केल्या, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते.

संध्याकाळी दोन्ही बाजूंना १८.५ सेंटिमीटर भरले. मिस्त्रींनी पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत आणायला सांगितले. ती नेली तेव्हा अंतर दोन्हीकडे १८ झाले होते, आणि यू-बोल्टचा प्रत्येक नट पाव फेरा फिरला.