पडद्यांवर भाळू नकोस

अगं, तुझा निरोप वाचला आणि आधी हसूच आलं. आईबाबांना त्रिस्थळी घडवायची, काशी, प्रयाग, गया, आणि तीही स्वतःच्या फिरत्या घरातून! पण बाबांचे गुडघे, आईचं पथ्यपाणी आणि दर दोन तासांनी बाथरूम शोधायची धावपळ आठवली आणि वाटलं, खूळ असलं तरी शहाण्याचं आहे. नवी मोटरहोम झेपत नाही म्हणून जुनी डिझेल घ्यायची आणि ती आमच्या वाराणसीत बरी मिळते, हे तुला कोणी सांगितलं ते तू लिहिलं नाहीस. मिळते हे खरं. बरी मिळते की नाही, ते घेणाऱ्यावर आहे.

लग्न होऊन या दुर्गाघाटाच्या आळीत आले तेव्हापासून सासरचा प्रवासी गाड्यांचा धंदा बघतेय. म्हणून आज ताई म्हणून चार गोष्टी सांगते. जावईबापूंनाही वाचायला दे, पण तू आधी वाच.

मुळात इथे 'मोटरहोम' म्हणून विकायला येतं ते बहुतेक वेळा दुसरंतिसरं काही नसून आतून रिकामी करून सजवलेली फोर्स ट्रॅव्हलर असते. ही आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गाडी. फिरोदियांनी 1958 साली सुरू केलेली बजाज टेम्पो, तिचंच नाव 2005 मध्ये बदललं. अजून सगळा उत्तर प्रदेश हिला 'टेम्पो ट्रॅव्हलर' म्हणतो. इंजिन मर्सिडीजच्या घराण्यातलं, दणकट, आणि रीव्यापासून रामटेकपर्यंत कुठेही मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात. म्हणून गाडीच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. तिनं आधी काय भोगलंय, ते मात्र विचारायला हवं. घर होण्याआधी ती काशी–अयोध्या–प्रयागराज अशा फेऱ्या मारणारी प्रवासी गाडी असण्याचीच शक्यता जास्त. 13 जानेवारी ते 26 फेब्रुवारी 2025 महाकुंभ होता. त्या दिवसांत इकडच्या गाड्या आणि ड्रायव्हर कसे राबले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हाची सर्व्हिसची बिलं माग. बिलं नसतील तर मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. ब्रेक-क्लचच्या पेडलांची रबरं आणि ड्रायव्हरच्या सीटची कड बघ. मीटर मागे फिरवणाऱ्याला ती झिजलेली रबरं बदलायचं सहसा सुचत नाही.

आता तुला खास सांगायचं ते हे. गाडी बघायला दोघं गेलात की विकणारा जावईबापूंना बॉनेटकडे नेईल आणि तुला म्हणेल, "भाभीजी, आप किचन देखिए." आत गेलीस की लुकलुकणारे दिवे, मखमली पडदे, चकचकीत सिंक, चिमुकला फ्रीज. जीव रमतोच. पण ते सगळं कुठलाही चांगला सुतार महिन्याभरात करून देतो. वाकलेली चेसिस आणि चुकीचं आरसी बुक सुतार दुरुस्त करत नाही. म्हणून क्रम पक्का ठेव: आधी कागद, मग गाडी, सर्वांत शेवटी घर.

कागदांत पहिली नजर आरसीवरच्या वाहनप्रकारावर. 'मोटर कॅरव्हान' किंवा खासगी वापराची 'कॅम्पर व्हॅन' अशी नोंद असेल तर उत्तम. पुष्कळदा आरसीवर अजून तेरा आसनांची मॅक्सी कॅब किंवा बसच असते आणि आत दोन पलंग नि एक शेगडी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. नोंदीत एक आणि गाडीत भलतंच असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात झटकायला मोकळी. "आरटीओ का काम हम करा देंगे" असं म्हणाला तर म्हण, करून घ्या, नवीन आरसी दाखवा, मग पैसे. त्यातून वाद नको.

पिवळी पाटी की पांढरी, तेही बघ. पिवळी म्हणजे परवाना, फिटनेस, वेगळा कर हे सगळं मागे लागतं. मोबाइलवर एम-परिवहनमध्ये नंबर टाकलास की मालक, विमा, फिटनेस, प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 हवा. थकलेली ई-चलानं वेगळी तपास. चेसिसवर कोरलेला क्रमांक स्वतः वाच, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून छाप घे आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याची चमक किंवा ताजा रंग दिसला तर चहा प्यायलाही थांबू नकोस.

गाडी युपी-65 ची असली तरी तू ती पुण्याला नेणार. म्हणजे इथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म 28, लागेलच. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा कर आधीच विचारून घे आणि किमतीत धर. दिल्लीहून आलेली गाडी असेल तर जास्तच सावध राहा. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं 2015 मध्ये बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, पुढे त्यात फेरफारही झाले. तिथे नकोशा झालेल्या गाड्या बाहेरच्या जिल्ह्यांत स्वस्तात जातात. स्वस्त म्हणून वाईटच असं नाही, पण अशी गाडी घेऊन कधी दिल्लीला आत्याकडे जायचा बेत असेल तर तो बेत बदलावा लागू शकतो.

आता काशीची खास गोष्ट. गंगेचा पूर. इथे धोक्याची पातळी 71.262 मीटर, आणि 1978 साली पाणी 73.901 पर्यंत चढलं होतं. गंगा फुगली की वरुणेतही पाणी उलटं चढतं, आणि अस्सी, नगवा, सामनेघाटाकडच्या सखल वस्त्यांत घुसतं. तिथे उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून ऊन दाखवून विकली जाते. बाहेरून काही कळत नाही. मोबाइलची बत्ती घे आणि ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट जिच्यावर पुढेमागे सरकते त्या पट्टीच्या खाचेत बोट घाल. बोटाला पिठासारखी बारीक करडी माती लागली की समज. धूळ कोरडी आणि भुरभुरीत असते, गंगेचा गाळ घट्ट बसतो, नखानं खरवडावा लागतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ. आतल्या टोकाला पाण्याची रेघ असेल तर ती कोणीही धुतलेली नसते. वायरींच्या जोडांवर हिरवट गंज आहे का बघ. पूर पाहिलेली गाडी कितीही कमी किमतीत दिली तरी घेऊ नकोस, कारण वायरिंगची भुतं दोन वर्षांनीसुद्धा उठतात.

इंजिन मात्र थंड असताना सुरू झालं पाहिजे. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर "उद्या सकाळी येतो" म्हणून परत फिर. इथे पौष-माघात पहाटे हाडं गोठतात आणि धुकं उठता उठत नाही. त्या थंडीत जी गाडी पहिल्या-दुसऱ्या चावीला घेते तिचे ग्लो प्लग आणि कॉम्प्रेशन बरे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, गरम झाल्यावरही येतच राहिला तर नाही. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर काळा लोटच्या लोट म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेची वाट, कुठेतरी बिघाड आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल कर. थोडी वाफ ठीक, पण रेल्वेच्या इंजिनासारखे भकभक झोत आले तर पिस्टनच्या रिंगांनी दम सोडलाय. आणि हो, डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस, डिझेलचं ऑइल चार दिवसांत काळं होतंच. दुधाळ दिसलं तर मात्र गॅस्केट गेलंय.

बीएस-4 घ्यावी की बीएस-6, असं विचारशील. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6. त्यांच्या धूर गाळणाऱ्या डीपीएफ फिल्टरला मोकळा हायवे लागतो. शहरातल्या गर्दीत, गोदौलियाच्या दिशेनं रांगत राहिलं तर तो काजळीनं तुंबतो. काही महाभाग तो कापून काढतात. तशी गाडी नकोच. अॅडब्लू वेळेवर भरलंय का तेही विचार. माझं मत विचारशील तर पैसे पुरत असतील तर बीएस-6च घे. पुढे नियम कडकच होणार आहेत.

यानंतर गाडी धर्मकाट्यावर ने. आपण वजनकाटा म्हणतो तोच, हायवेला जागोजागी आहेत. पाण्याची टाकी भरून, डिझेल भरून, सगळ्यांना बसवून वजन कर आणि आरसीवरच्या कमाल वजनाशी ताड. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, एकेक ट्यूब्युलर बॅटरी 50 किलोंच्या वर, त्यात जनरेटर, प्लायवूड, लोखंडी पलंग. तेरा आसनांची गाडी 'फक्त चौघांची' झाली म्हणून हलकी झाली असेल असं समजू नकोस. पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोल. किचन, टाकी आणि बॅटऱ्या एकाच बाजूला मांडल्या असतील तर गाडी मागून बघ, एका बाजूला कललेली दिसेल. काट्याची पावती जपून ठेव, घासाघीस करताना ती उपयोगी पडते. टायरवर शेवटचे चार आकडे बघ, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. फिरती घरं उभी जास्त असतात. नक्षी शाबूत राहते आणि कडांना भेगा पडतात.

चालवून बघायला विकणारे ती तुला गंगेच्या घाटांकडे नेऊ देणार नाहीत, आणि नेऊही नकोस. रिंगरोडनं बाबतपूरकडे ने, मग फ्लायओव्हरवर तिसऱ्या गिअरमध्ये चढव, क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडेल आणि गाडी हलणार नाही. पण वाराणसी सपाट आहे, इथे ब्रेकची खरी परीक्षा होत नाही. विकणारा तयार असेल तर मिर्झापूरच्या पुढे ड्रमंडगंजच्या घाटापर्यंत जाऊन या. नाहीतरी रीवा–जबलपूर–नागपूर असंच तुम्हाला घरी जायचंय. उतरताना ब्रेकला वास आला किंवा पेडल खाली गेलं तर तिथेच कळू दे, सामान आणि आईबाबा आत असताना नको.

आता जा बाई किचनमध्ये. सिंकखालच्या प्लायवर अंगठा दाब, मऊ लागला तर पाणी मुरतंय. छतावर नळीनं पाणी सोड आणि आत बसून पंख्याच्या भोकाशी बघ. गॅसच्या नळीवरची मुदत वाच, सिलिंडरच्या कप्प्याला खाली हवेची वाट आहे का बघ, कारण गळालेला गॅस खालीच साचतो. बाहेरची वीज काढून फ्रीज, पंखे, दिवे लावून दोन तास बस. बॅटरीची खरी किंमत तेव्हा कळते. एसी चालतो म्हणाला तर जनरेटरवर की इन्व्हर्टरवर ते विचार, आणि जनरेटरचा आवाज बंद दारांआड ऐक. इथे मे-जूनमध्ये 44-45 अंश जातं, तेव्हा त्याच आवाजाशेजारी आईला झोपायचंय. पायरीची उंची बाबांच्या गुडघ्यानं मोज, तुझ्या नाही. संडासाची टाकी कशी काढतात ते स्वतः करून बघ आणि ती कुठे रिकामी करणार ते आधी ठरव. गंगेला मिळणाऱ्या नाल्यात सोडलीस तर माझ्या घरी येऊ नकोस.

पसंत पडली तर विसार चेकनं किंवा बँकेतून दे, पावतीवर चेसिस नंबर आणि "कागद न झाल्यास परत" असं लिहून घे. कोऱ्या फॉर्म 29-30 वर सही घेऊन बसणाऱ्या दलालाशी व्यवहार नको. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या असू देत, त्यानंतरचं चलान तुझं, आधीचं त्याचं. विमा लगेच नावावर कर, त्याचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, हे किंमत ठरवताना लक्षात ठेव. परवान्याची चिंता नको. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7500 किलोपर्यंतची प्रवासी किंवा मालवाहू गाडीही चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये दिलाय.

श्रावण-भाद्रपदात गाडी घ्यायला येऊ नकोस, पूर ओसरून चार महिने गेल्यावर ये. आणि रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव.