तात्पुरत्या कॅपचे बळ आणि आयुष्य

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि विभागवार कामकाजाबरोबरच एखाद्या वैद्यकीय विषयाची माहिती सोप्या शब्दांत द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा दंतविभागातील एक लहानसा विषय निवडला आहे. जबड्यात इंप्लांट बसविल्यानंतर त्यावर काही काळापुरती जी कॅप लावतात, ती कितपत मजबूत असते, किती दिवस टिकते आणि तुटली तर काय समजावे? रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न वारंवार विचारतात. जी वस्तू अखेरीस काढून टाकावयाची आहे तिच्यावर खर्च कशासाठी, अशी शंका देणगीदारांच्या मनात आल्यास तीही रास्तच म्हणावी लागेल.

इंप्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना 1952 मध्ये सशांच्या हाडांवर प्रयोग करताना असे आढळले की, हाडात बसविलेला टायटॅनियमचा भाग हाडाशी इतका एकजीव होतो की तो सुटा करता येत नाही. 1965 मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले, आणि 2006 मध्ये लार्सन यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, ते उपयोगात राहिले. ब्रॉनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत स्क्रू बसविल्यावर खालच्या जबड्यात साधारण तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने त्यावर कोणताही भार येऊ देत नसत. आज योग्य त्या रुग्णाला त्याच दिवशी किंवा काही दिवसांत तात्पुरता दात देता येतो. मात्र त्यासाठी स्क्रू हाडात पुरेसा घट्ट बसलेला असावा लागतो. बसविताना साधारण 35 न्यूटन-सेंटिमीटर इतका पीळ त्याने पेलला, तर पुढचा विचार करतात.

येथे एक गोष्ट नातेवाइकांनी विशेष लक्षात घ्यावी. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो केवळ आट्यांच्या पकडीमुळे. पुढील काही आठवड्यांत त्याच्याभोवतीचे दबलेले जुने हाड झिजते आणि त्या जागी नवे हाड तयार होऊ लागते. जुनी पकड सैल झाली आहे आणि नवी अद्याप पक्की झालेली नाही, असा एक काळ मध्ये येतो. सामान्यतः तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपासचा असतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि रुग्णाला वाटते की आता सर्व ठीक झाले. या काळात स्क्रू सुमारे 100 ते 150 मायक्रॉनहून अधिक, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाहून थोडा जास्त, वरचेवर हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती तयार होतात आणि इंप्लांट निकामी होतो. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती दाब जाणवून देणारे तंतूंचे अस्तर असते. इंप्लांटला ते नसते. त्यामुळे जास्त जोर पडत असल्याची सूचना रुग्णाला वेळेवर मिळत नाही.

तात्पुरती कॅप बहुधा अ‍ॅक्रिलिकची किंवा त्याच जातीच्या संमिश्र रेझिनची असते. पावडर व द्रव हाताने कालवून केलेल्या अ‍ॅक्रिलिकची वाकताना तुटण्याची मर्यादा ढोबळमानाने 60 ते 90 मेगापास्कल असते. कायमच्या कॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या मजबूत प्रकारच्या झिर्कोनियाची 900 च्या पुढे. कालवताना हवेचे सूक्ष्म बुडबुडे आत राहतात आणि तेथूनच तडा सुरू होतो. कारखान्यात दाबाखाली घट्ट केलेल्या ठोकळ्यातून यंत्राने कोरलेली कॅप याबाबतीत सरस ठरते आणि काही महिन्यांपासून सुमारे वर्षभर काम देऊ शकते. पण पदार्थ कोणताही असो, अ‍ॅक्रिलिक लाळेतील पाणी थोडे शोषते, गरम चहा आणि थंड पाणी यांनी प्रसरण-आकुंचन पावते आणि वर्षभरात लाखो वेळा दाबले जाते. एका तडाख्यात तुटणाऱ्या कॅपपेक्षा अशा थकव्याने तुटणाऱ्या अधिक. लोखंडी तार वरचेवर वाकविली की जशी अचानक तुटते, तसाच हा प्रकार. तडा बहुधा पातळ कडेला किंवा स्क्रूसाठी ठेवलेल्या छिद्रापाशी जातो.

प्लास्टिकची कॅप मऊ असल्याने हाडावरचा मारा कमी होतो, असेही सांगितले जाते. त्यावर आम्ही फारसे विसंबत नाही. अधिक भरवशाचा उपाय म्हणजे कॅप मुद्दाम आखूड व अरुंद ठेवणे, जेणेकरून तोंड मिटल्यावर समोरचा दात तिला टेकणार नाही. ‘दात लागत नाही, चावता येत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना हेच समजावून सांगावे लागते. ही कॅप दिसण्यासाठी, बोलण्यासाठी आणि हिरडीला योग्य आकार येण्यासाठी आहे; चावण्यासाठी नव्हे. म्हणूनच पुढच्या दातांसाठी तिचा खर्च सार्थ आहे. मागच्या दाढेच्या जागी मात्र बहुतेक वेळा केवळ हीलिंग कॅप ठेवून वाट पाहावी, असे आमचे मत आहे.

मीरा-भाईंदरमध्ये एकाच इमारतीत किती प्रांतांचे स्वयंपाक होतात हे सर्वांस ठाऊक आहे, त्यामुळे पथ्याची एकच यादी पुरत नाही. उत्तन-चौकच्या घरांत सुके बोंबील व मासळीचे काटे, अन्यत्र चिक्की, कडक खाकरा, चकली, ऊस. आणि सर्वांत घातक म्हणजे सुपारी. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असली तरी सुपारी चघळण्याची सवय गेलेली नाही. हळदीने कॅप पिवळी पडते, ते मात्र केवळ दिसण्यापुरते. त्यासाठी वरण-भाजी सोडण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठी काळजी वेगळीच आहे. तात्पुरती कॅप दातासारखी दिसते, दुखणे थांबलेले असते, घरात फी, भाडे, लग्नकार्य असे खर्च उभे असतात आणि रुग्ण कायमच्या कॅपसाठी परतत नाही. चर्चगेटची गाडी पकडून रात्री घरी परतणाऱ्याला एक दिवसाची रजाही जड जाते. पुढे कॅप झिजते, आतील स्क्रू सैल होतो, खाली अन्नकण साचून हिरडी सुजते. समोरच्या दाताला टेकू नसल्याने तो हळूहळू आपल्या जागेवरून पुढे सरकतो, आणि मग कायमच्या कॅपला जागाच उरत नाही. शस्त्रक्रियेचा सर्व खर्च अशा वेळी वाया जाण्याची भीती असते. म्हणून विश्वस्तांना व देणगीदारांना आमची विनंती आहे की, साहाय्य देताना ते केवळ इंप्लांटपुरते न देता कायमच्या कॅपसह संपूर्ण दातासाठी, एकाच वेळी राखून ठेवावे. त्यामुळे रुग्णांची संख्या कमी भरेल, हे मान्य आहे. तरीही आमचा कौल याच बाजूने आहे.

कॅप तुटल्यास घाबरू नये. तुटली ती कॅप. इंप्लांट बहुधा सुरक्षित असतो. तुकडे डबीत घालून आणावेत आणि घरच्या कोणत्याही चिकटद्रवाने ते जोडू नयेत, कारण तो द्रव हिरडीला इजा करतो आणि वाकडी बसलेली कॅप इंप्लांटवर तिरका भार टाकते. कॅप अखंड असून नुसती हलत असेल, तर बहुतेक वेळा आतील स्क्रू सैल झालेला असतो. तो थोड्या वेळात घट्ट करता येतो. मात्र कॅपसह खालचा भागही हलत असेल, दाबल्यावर दुखत असेल किंवा हिरडीतून पू येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दंतविभागात यावे.