तीस सेकंदांत कुत्रा

ड्रॉइंग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ड्राफ्टर, शीट, टू-एच पेन्सिल आणि सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून मारलेली जी.टी. शीटवरचा शंकू जागचा हलत नाही. रेघ चुकली तर खोडायला सवड असते. मेसच्या मागे बसलेला कुत्रा मात्र फ्रंट व्ह्यू, साइड व्ह्यू देत थांबत नाही. तो मान खाजवतो, उठतो आणि चालू लागतो. म्हणून प्राण्यांची चित्रं काढायला शिकायचं तर घड्याळ लावून शिकावं. आर्टवाले याला रॅपिड स्केचिंग म्हणतात.

वेळेचं बंधन कशाला?

वेळ भरपूर असला की आपण डोळ्यापासून सुरुवात करतो. मग नाक, मग मिशा. पाठीपर्यंत येईतो प्राणी निघून गेलेला असतो आणि उरलेलं अंग आपण मनानं भरतो. मनातला तो कुत्रा बहुतेक वेळा शाळेतल्या तक्त्यावरचा असतो. हातात तीसच सेकंद असले की निवड करावीच लागते : आत्ता या प्राण्यात सगळ्यात महत्त्वाचं काय? उत्तर जवळपास नेहमी एकच येतं, त्याची ढब. वजन कोणत्या पायावर आहे, मान कुठे झुकली आहे, पाठ कशी वाकली आहे. किमॉन निकोलाइडिस या अमेरिकन कलाशिक्षकाचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ' हे पुस्तक १९४१ साली निघालं. त्यातही अशा झटपट, ढब पकडणाऱ्या रेखाटनांवर भर आहे.

रोजची २० मिनिटं

साहित्य साधं : बॉलपेन किंवा टू-बी पेन्सिल, जुन्या प्रिंटआउटची कोरी बाजू आणि मोबाइलमधला टायमर. खोडरबर रूमवरच ठेवा.

१) ३० सेकंदांची १० रेखाटनं (५ मिनिटं) : नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच सलग रेघ. पाय म्हणजे चार काड्या. बस्स.

२) १ मिनिटाची ५ (५ मिनिटं) : त्या रेघेवर छातीसाठी एक मोठं अंडं, पुठ्ठ्यासाठी एक लहान अंडं, डोक्यासाठी एक गोळा. त्यांच्यातलं अंतर आणि तिरकेपणा नीट पाहा.

३) २ मिनिटांची ३ (६ मिनिटं) : आता पायांचे सांधे. कुठला पाय भार घेतोय आणि कुठला नुसता टेकलाय, हे रेघेच्या दाबानं दाखवा.

४) ४ मिनिटांचं १ (४ मिनिटं) : यासाठी झोपलेला कुत्रा किंवा रवंथ करणारी म्हैस यांच्यासारखं मॉडेल नाही. कान, शिंगं, कातडीच्या वळ्या काय त्या इथे.

दिवसाला १९, म्हणजे ३० दिवसांत ५७० रेखाटनं होतात. त्यातली बरीच फसणार, हे आधीच धरून चाला.

प्राणी मध्येच हलला तर ते रेखाटन तसंच सोडा आणि त्याच कागदावर शेजारी दुसरं सुरू करा. प्राणी पुन्हा पुन्हा त्याच त्या ढबींवर येतात. खाजवणारा कुत्रा थोड्या वेळानं परत खाजवतो. तेव्हा जुन्या रेखाटनाकडे वळा. तो गेलाच, तर डोळे मिटून शेवटची ढब आठवा आणि तेवढीच काढा.

मागच्या पायाचं कोडं

कुत्र्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो गुडघा नसतोच, ती टाच असते! कुत्रा बोटांवर चालतो. गाय, म्हैस, घोडा तर नखांवर, कारण खूर म्हणजे नखच. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. पुढच्या पायातही आपण ज्याला गुडघा म्हणतो ते मनगट आहे; कोपर छातीपाशी सापडेल. खोलीचं दार लावून एकदा हातापायांच्या बोटांवर ओणवे व्हा, लगेच पटेल.

डोळ्याची मर्यादा

धावणारा घोडा नुसत्या डोळ्यांनी पकडता येत नाही. जेरिकोच्या १८२१ सालच्या घोड्यांच्या शर्यतीच्या चित्रात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. १८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून दौडणाऱ्या घोड्याचे फोटो घेतले. चारही खूर हवेत असतात हे खरं निघालं, पण ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना! म्हणून सुरुवात बसलेल्या, उभ्या आणि सावकाश चालणाऱ्या प्राण्यांपासून करा. चालणाऱ्या गाईचा क्रम पाहा : मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. धावण्यासाठी मोबाइलवरचा स्लो-मोशन व्हिडिओ जरूर बघा, पण आधी स्वतः काढा आणि मग ताडून पाहा.

प्रगती कशी ओळखायची?

प्रत्येक कागदावर तारीख टाका. फाडू नका. रविवारी आठवड्याची रेखाटनं पसरा आणि रूममेटला दाखवताना प्राण्याचं तोंड बोटानं झाका. प्राणी काय करतोय हे त्याला ओळखता आलं, तर रेखाटन जमलं. तो हसला तरी हरकत नाही, ओळखलं ना?

एक सूचना : पिल्लं असलेल्या कुत्रीपासून लांब बसा आणि कुठल्याच कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका.

हे सगळं इंजिनिअरला कशाला, असं कोणी विचारेल. जी.टी. मारताना दुसऱ्यानं पाहिलेलं आपण गिरवतो. इथे पाहायचं काम आपल्यालाच करावं लागतं. ही सवय लागली की वर्कशॉपमधल्या लेथचं फ्रीहँड स्केच काढतानाही आधी त्याची बैठक दिसते, नट-बोल्ट नंतर. मग उद्यापासून सुरू करताय ना? मॉडेल नाष्ट्याच्या वेळी मेसच्या मागे हजर असतात, आणि फी मागत नाहीत.