रोगाचं मूळ काठावरच्या शंखीत

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी आमचा गोठा आहे. हिवाळा सरला की पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर लुसलुशीत गवत येतं. तिथे चरणारी आमची एक गाय खंगत गेली. आधी दूध आटलं, मग शेण पातळ झालं, शेवटी जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आली. शेणाच्या तपासणीत पर्णकृमीची अंडी सापडली. औषध दिलं, पण गाय वाचली नाही. शवविच्छेदनात यकृतातल्या पित्तनलिका जाड, कडक झालेल्या होत्या. सुरी फिरवताना करकर ऐकू येई. आत पानासारखे चपटे, बोटाच्या पेराहून लांब कृमी होते.

पशुवैद्यकांनी मग काठावरच्या शंखी गोळा करायला लावल्या. पातळ कवचाची, टोक वर धरलं तर उजवीकडे तोंड असलेली लिम्निया ही ती शंखी. तिचं कवच फोडून त्यांनी भिंगाखाली दाखवलं. निरोगी शंखीची पाचकग्रंथी तपकिरी, एकसंध होती. बाधित शंखीत तीच फिकट, दाणेदार झाली होती आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

शेणातलं अंडं पाण्यात पडतं, त्यातून निघालेली अळी साधारण एका दिवसात शंखीत शिरली नाही तर मरते. शिरली, तर आत तिच्या पिढ्या वाढतात. त्यातल्या रेडिया नावाच्या अळ्यांना तोंड असतं. त्या शंखीची पाचकग्रंथी आणि जननग्रंथी कुरतडतात. शंखी अंडी घालायची थांबते, पण जगत राहते आणि एका अळीच्या शेकडो अळ्या पाण्यात सोडते. त्या गवताला चिकटून कवच धरतात. गाय गवताबरोबर त्या गिळते.

म्हणून गोठेवाल्यांना माझं सांगणं असं. पाणी नुकतंच ओसरलेल्या पट्ट्यात जनावर सोडू नका. तिथलं गवत कापलंच, तर कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच घाला. ओलाव्यात या अळ्या महिनोन्‌महिने टिकतात. पाणी गोठ्यातच, हौदात पाजा. शेण काठावर टाकू नका, खड्ड्यात कुजवा. शेणात अंडी नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, कारण कृमी पोटात गेल्यावर अंडी दिसायला तीनेक महिने लागतात आणि यकृताची नासाडी त्याआधीच सुरू होते. काही औषधं फक्त मोठ्या कृमींवर चालतात, तर ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांवरही. तेव्हा औषध आणि मात्रा पशुवैद्यकांनाच ठरवू द्या. औषधानंतर किती दिवस दूध विकायचं नाही, तेही विचारा.

माणसांनाही या वर्गातले कृमी सोडत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांमधल्या रक्तपर्णकृमीची नोंद 1952 मध्ये झाली, तिथेही मधला दुवा गोड्या पाण्यातली शंखीच होती.

औषधाने एक जनावर बरं होईल. काठ तसाच राहिला तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरं आजारी पडेल. एकट्याच्या गोठ्याने हे थांबणार नाही. काठावरच्या सगळ्या गोठेवाल्यांनी मिळून शेण पाण्यापासून आणि जनावरं ओल्या काठापासून दूर ठेवावीत.