वास जातो, दारू जात नाही

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरे रिक्षा, टेम्पो, ट्रक आणि घंटागाडीच्या स्टेअरिंगवर चालतात. दुचाकीवरून घरोघर सामान पोचवणारी तरुण मुलेही आता गल्लोगल्ली आहेत. अशा घरात लायसन म्हणजे भाकरी. पोलिसांचे फुंकायचे यंत्र नेमके काय मोजते आणि कायदा काय सांगतो, याबद्दल वस्तीत बरेच गैरसमज आहेत. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेत आहोत.

यंत्र काय मोजते?

प्यालेली दारू जठरातून आणि लहान आतड्यातून रक्तात उतरते. ते रक्त फुप्फुसांत येते. दारूची वाफ सहज होते, म्हणून तिचा थोडा अंश फुप्फुसांतील बारीक वायुकोशांमधून श्वासात मिसळतो. रक्तात दारू जास्त, तर श्वासातही जास्त. सुमारे २१०० मिली श्वासात जेवढी दारू असते तेवढी १ मिली रक्तात असते, असा हिशोब धरतात. पोलीस न थांबता लांब फुंकायला लावतात ते एवढ्याचसाठी. त्यांना तोंडातली नव्हे, फुप्फुसाच्या तळातली हवा हवी असते.

आजच्या बहुतेक यंत्रांत प्लॅटिनमचा लेप असलेली लहान पट्टी असते. तिच्यावर दारूच्या वाफेचा ऑक्सिजनशी संयोग होऊन ॲसेटिक ॲसिड तयार होते आणि बारीकसा वीजप्रवाह वाहतो. दारू जितकी जास्त, तितका प्रवाह जास्त. तोच आकड्याच्या रूपात दिसतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वेलची, बडीशेप, कांदा, पान किंवा गुटखा तोंडाचा वास झाकतात. रक्तातली दारू तिथेच राहते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनीही ती उतरत नाही. दारू मोडण्याचे मुख्य काम यकृत करते आणि त्याला घाई करता येत नाही. १०० मिली रक्तातली साधारण १५ मिलिग्रॅम दारू उतरायला एक तास लागतो.

सकाळचा धोका

१८० मिलीच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के लिहिलेले असेल, तर तिच्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध दारू असते. ६० किलो वजनाच्या पुरुषाने ती रात्री ११ पर्यंत संपवली, तर १०० मिली रक्तात ढोबळमानाने १४० मिलिग्रॅम दारू चढते. सकाळी ६ वाजता तो तोंड धुऊन, चहा घेऊन रिक्षा काढतो. सात तासांत सुमारे १०५ मिलिग्रॅम उतरले. ३५ अजून शिल्लक आहेत. झोप झाली, डोके हलके वाटते, तरी तो कायद्याच्या मर्यादेबाहेर आहे. मागच्या सीटवर शाळेची मुले बसलेली असतात. शरीरागणिक हा आकडा कमी-जास्त होतो, पण "रात्रीची उतरली" हा भरवसा खोटा आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. लायसनही निलंबित होऊ शकते. हे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावे लागते. "इथेच मिटवू" म्हणून कोणी पैसे मागितले तर ती लाच आहे. प्यालेल्या ड्रायव्हरला गाडी काढायला लावणारा मालकही कलम १८८ खाली दोषी ठरू शकतो.

आपले हक्कही माहीत असावेत. फुंकण्याची नळी नवी मागा. नुकतेच माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषध घेतले असेल तर तसे सांगा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणीची विनंती करा; तोंडात राहिलेला अंश तेवढ्या वेळात जातो. चाचणीला विनाकारण नकार देऊ नका, तो नकारच आपल्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. या गुन्ह्यात अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. नाहीतर कोठडीतून सोडावे लागते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

शील काय सांगते?

कायदा ३० पर्यंत मोकळीक देतो. पाचवे शील मोजमाप सांगत नाही. त्यात मादक पेयांना 'पमादट्ठान' म्हटले आहे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण. स्टेअरिंग हाती असलेल्याचा बेसावधपणा दुसऱ्याचा जीव घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वंदनेत शील म्हणणाऱ्या आपल्या घरांतही दारू आहे, हे लपवून उपयोग नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. घरातल्या माय-बहिणींनी प्यालेल्याच्या मागे बसू नये, लेकरांना बसवू नये आणि गाडीची चावी काढून ठेवावी. जयंतीला, दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला गाडी ठरवताना मंडळाने भाड्याआधी ड्रायव्हर पितो का ते विचारावे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर हात थरथरणे, भ्रम, फिट येणे असे त्रास होऊ शकतात. अशा माणसाला कोंडून न ठेवता सरकारी रुग्णालयात न्यावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. तो विहाराच्या फळ्यावर आणि रिक्षा स्टँडवर लिहून ठेवावा. विचारायला लाज वाटणाऱ्यालाही तो तिथे वाचता येईल.