जुन्या लॅपटॉपसाठी घराचं कुलूप काढू नका

विंडोज ९८चा लॅपटॉप आजच्या वायफायला जोडायला बसलं की पासवर्ड बरोबर देऊनही तो आत घेतला जात नाही. मग माणूस पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहतो, कार्ड बदलतो आणि शेवटी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून सुरक्षा 'डब्ल्यूईपी' या जुन्या पद्धतीवर आणून ठेवतो. प्रस्तुत लेखकाच्या एका स्नेह्यांकडे हेच झालं. लॅपटॉप जोडला गेला, पण त्याच संध्याकाळपासून घरातले सगळे फोन रखडत चालू लागले. इंटरनेट कंपनीकडे तक्रार गेली. लाइनमध्ये काहीच बिघाड नव्हता.

८०२.११एन या मानकाचा जलद वेग डब्ल्यूईपीसोबत चालत नाही. एका जुन्या मशीनपायी सगळं नेटवर्क ५४ मेगाबिटांच्या जुन्या मर्यादेत येतं. तरी वेग ही त्यातली लहान गोष्ट आहे. डब्ल्यूईपीमधली फट फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ सालीच दाखवून दिली होती. २००७मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी डब्ल्यूईपीची १०४ बिटांची किल्ली मिनिटाभराच्या आत शोधून काढता येते हे सिद्ध केलं. एकदा कुणी आत शिरलं की प्रिंटर, कॅमेरे, सामायिक फोल्डर, सगळं त्याच्या टप्प्यात येतं.

जुन्या मशीनचाही यात दोष नाही. आजच्या वायफायची डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा पद्धत आली २००४ साली. ॲपलचं पहिलं आयबुक जुलै १९९९चं. त्याचं एअरपोर्ट कार्ड ११ मेगाबिटांचं, आणि मॅक ओएस ९वर त्याला डब्ल्यूईपीपलीकडे काही येत नाही. विंडोज ९८मध्ये तर वायफायची स्वतःची सोयच नाही. सगळी भिस्त कार्डासोबत आलेल्या सॉफ्टवेअरवर, आणि मायक्रोसॉफ्टने या विंडोजची दुरुस्ती जुलै २००६मध्ये थांबवली.

म्हणून वायफायचं काम लॅपटॉपकडून काढूनच घ्यावं. 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' मोड असलेला छोटा राउटर घ्यावा. तो घरच्या वायफायला डब्ल्यूपीए२ने जोडला जातो आणि पुढे लॅपटॉपला साधी इथरनेटची वायर देतो. लॅपटॉपला दिसते फक्त वायर. हा छोटा राउटर शक्यतो गेस्ट नेटवर्कवर ठेवावा, कारण दुरुस्ती बंद झालेलं मशीन घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळं असलेलंच बरं.

आयबुकला इथरनेटचं भोक मुळातच आहे. काही जुन्या लॅपटॉपना मात्र पीसीएमसीआयए कार्ड लागतं, आणि सेकंडहँड घेताना इथे जपायला हवं. पुष्कळ कार्डांना वायर थेट लागत नाही, मध्ये एक छोटी केबल असते आणि नेमकी तीच हरवलेली असते. केबलशिवाय कार्ड घेऊ नये. दुसरी गोष्ट, सोनेरी उंचवट्यांची पट्टी असलेलं कार्ड म्हणजे ३२ बिटांचं कार्डबस. ते १६ बिटांच्या जुन्या खाचेत जात नाही. जोर लावू नये.

जोडणी झाल्यावर आधी पिंग करून पाहावं. ब्राउझरने चाचणी घेतली तर निराशाच पदरी येईल, कारण आजच्या बहुतेक वेबसाइटना लागणारं टीएलएस १.२ त्या काळच्या ब्राउझरला ठाऊक नाही. फायली काढण्यासाठी नव्या कॉम्प्युटरवर फायली सामायिक करण्याची 'एसएमबी १' ही जुनी पद्धत सुरू करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं ते याच जुन्या वाटेने. त्याऐवजी नव्या कॉम्प्युटरवर तात्पुरता एफटीपी सर्व्हर चालवावा. विंडोज ९८मध्ये एफटीपीची कमांड आहेच. अशा वेळी गेस्ट नेटवर्क आडवं येतं, म्हणून नवा कॉम्प्युटरही वायरने त्याच छोट्या राउटरला जोडावा, आणि काम झालं की सर्व्हर बंद करावा.

मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर फायलींबरोबर फॉन्टचं फोल्डरही उतरवून घ्यावं. तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो, त्यामुळे फॉन्ट मागे राहिला तर नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडते, पण वाचता येत नाही.